जूनची टेकडी

ट्राउडल ऊलिगला कुणी विचारलं, आयुष्यभर काय केलंत, तर ती म्हणायची, "झाडं." ऐकणाऱ्याला वाटायचं, बाई वनखात्यात असणार. ती खुलासा करायची नाही. एकतीस वर्षं तिने झाडं केली हे खरंच होतं. फक्त ती बोटभर उंचीची होती आणि छोट्या आगगाडीच्या रुळांकडेला उभी राहायची.

हामरबाखच्या खालच्या अंगाला, ओढ्याकाठी, तो सरकारी कारखाना होता. तळमजल्यावर छोटी स्टेशनं, छोटे पूल, छोटी चर्चं बनायची, आणि वरच्या मजल्यावर बायकांच्या विभागात झाडं. तार पिळायची, सरसात बुडवायची, रंगवलेल्या भुशात घोळवायची, वाळत लावायची. दिवसाला चारशे. नाताळात देशभरातल्या घरांमधून ट्राउडलची झाडं उभी राहिली, पण झाडाच्या बुंध्यावर कुणी करणारीचं नाव घालत नाही. मग भिंत पडली, दोन देशांचा एक देश झाला, आणि दुसऱ्याच वर्षी एका टायवाल्या तरुणाने येऊन सांगितलं की असल्या झाडांना आता गिऱ्हाईक राहिलेलं नाही. साचे भंगारात गेले. ट्राउडल तेव्हा सेहेचाळीस वर्षांची होती. त्यानंतर तिने शाळेच्या फरशा पुसल्या. नवरा रोल्फ कागद गिरणी बंद पडल्यावर घरी बसला तो बसलाच, आणि बारा वर्षांनी बसल्या जागीच गेला. मुलगी हाइके श्टुटगार्टला असते. दर रविवारी फोन करते, जेवलीस का विचारते, आणि ट्राउडल जेवलेली असो वा नसो, हो म्हणते.

उरला तो क्लब. स्टेशनच्या जुन्या मालशेडमध्ये नऊ पुरुष आणि एक ट्राउडल. खोऱ्यातून पूर्वी अरुंद रुळांची एक गाडी धावायची. तिचे रूळ कधीच उखडले गेले. या दहा जणांनी ती गाडी, तिची स्टेशनं, तिच्या काठचं गाव असं सगळं चौदा मीटर लांबीच्या लाकडी मांडणीवर पुन्हा उभं करायला घेतलं होतं. त्याला तीस वर्षं होत आली. काळही ठरलेला होता: एकोणीसशे एकसष्टच्या जूनचा दुसरा आठवडा, गवताची पहिली कापणी व्हायच्या आधीचा. सभा घेऊन, हात वर करून ठराव केलेला. आणि या मंडळींचा ठराव म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. झीगमार या वायरमनने एकदा हौसेने स्टेशनमास्तरच्या परसात सूर्यफुलं लावली, तर अध्यक्ष गोटहार्डने चिमटा घेऊन ती एकेक करून उपटली. "जूनमध्ये सूर्यफूल?" तो म्हणाला. "तुझ्या सासुरवाडीला फुलत असतील."

हा गोटहार्ड म्हणजे चाळीस वर्षं सिग्नलच्या केबिनीत काढलेला माणूस. जगातल्या प्रत्येक वस्तूला एक नंबर असतो आणि एक जागा असते, यापलीकडे त्याला देवाधर्माची गरज पडली नाही. कौतुक त्याच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं. आमच्या डोंगरात तशीच रीत आहे. कुरकुर केली नाही म्हणजे कौतुक झालं, असं इथे बाप मुलाला सांगतो. ट्राउडलने पंचवीस वर्षांत क्लबासाठी कुरणं केली, कुंपणं केली, ओढ्याकाठचा चिखल केला. गोटहार्ड येऊन बघायचा, नाकातून श्वास सोडायचा, आणि निघून जायचा. एवढ्यावर ती आठवडाभर खूश असायची.

ज्या मार्चमध्ये ती अठ्ठ्याहत्तरची झाली, त्या मार्चच्या सभेत तिने पहिल्यांदा काहीतरी मागितलं.

"पुलावरची टेकडी मला द्या," ती म्हणाली.

मांडणीवरच्या रेल्वेपुलाच्या वरच्या अंगाला ती टेकडी सहा वर्षं नुसत्या पांढऱ्या प्लास्टरची उभी होती. शेडमध्ये शिरल्यावर पहिली नजर तिच्यावरच जायची, म्हणून कुणी हात लावायला धजत नव्हतं.

"अख्खी?" गोटहार्डने विचारलं.

"मग काय अर्धी? टेकडी आहे का केक?"

मंडळी हसली, आणि नऊ हात वर झाले.

तिने जे सांगितलं नाही ते असं. जानेवारीत केम्नित्सच्या डोळ्यांच्या डॉक्टरने तिला सांगितलं होतं की पुढच्या वसंतापर्यंत उजेड आणि अंधार एवढंच कळेल. तशीही तिची नजर विचित्र झाली होती. कडेकडेचं थोडं दिसायचं, पण जिथे बघावं नेमका तिथेच करडा डाग. रंग तर गेलेच होते. क्लबात तिने सांगितलं, "जरा अंधुक दिसतं." त्यांनी मान हलवली. सत्तरीपुढच्या माणसांत हे वाक्य रोज कोणी ना कोणी म्हणतंच.

तिला मरणाची भीती नव्हती. तिला एवढंच हवं होतं की आपल्या हातची एक गोष्ट मागे राहावी, जिला लोक आपल्या नावाने ओळखतील. झीगमारचा पूल होता, गोटहार्डची केबिन होती. तशी ट्राउडलची टेकडी. दिवसाला चारशे प्रमाणे तिने किती झाडं केली असतील याचा हिशेब कुणी ठेवला नाही. तिनेही नाही.

डोळे नसले तरी काम अडणार नव्हतं, अशी तिची खात्री होती. टेकडी तिच्या बोटांना पाठ होती. उंदीर-घुशी उकरतात तशी चिचुंद्रीसारखा एक प्राणी आमच्या कुरणांत माती उकरतो, ती माती मैद्याइतकी बारीक असते. ती वाळवून जुन्या पायमोज्यातून चाळायची आणि प्लास्टरवर पसरायची. त्यावर पिऊन झालेल्या चहाची वाळवलेली पत्ती. त्यावर चिमटीने रंगीत भुसा, कुठे दाट, कुठे विरळ. मग पाणी घातलेला डिंक ड्रॉपरने थेंब थेंब सोडायचा. त्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब हवाच, नाहीतर डिंक मोत्यासारखा वर बसून राहतो, आत मुरत नाही. भुशाच्या अठरा बरण्या फळीवर होत्या, सगळ्या लोणच्याच्या काकड्यांच्या, एका मापाच्या. खिडकीकडून पहिली ओढ्याकाठच्या ओल्या गवताची, पाचवी उन्हातल्या गवताची, दहावी वाटेकडेच्या सुकत चाललेल्या गवताची. त्यापुढे तपकिरी, आणि टोकाला जांभळे, दुसऱ्या कुठल्या कामातून उरलेले. दहा हिरवे तिने वीस वर्षांत डोळ्यांनी जमवले होते, ऐन जूनमध्ये टेकडीवर बसून, गवताशी ताडून. कागदावर एक अक्षर नव्हतं. गरजच काय होती? बरणी मोजायची आणि हात घालायचा.

ऑगस्टमध्ये क्लब साफसफाईसाठी बंद होता. उघडला तेव्हा गोटहार्ड म्हणाला, "तुझी फळीपण लावून टाकली गं. चकाचक."

"बरं झालं," ट्राउडल म्हणाली. तिने झाकणांवरून हात फिरवून मोजलं. अठराच्या अठरा होत्या. धूळ तेवढी नव्हती.

सप्टेंबरपासून ती दर मंगळवारी दुपारी एकटी यायची. शेडची किल्ली तिच्याकडे होती. पायथ्यापासून वर, तळहाताएवढी जागा एका वेळी, अशी ती चढत गेली. झालेल्या कामाला पुन्हा हात लावायचा नाही हा कारखान्यातला धडा तिच्या अंगात मुरला होता. बोटाचं तेल लागतं, भुसा दबतो. त्यामुळे मागचा तुकडा ती चाचपून बघत नसे. वरच्या कडेला एक टाचणी टोचून ठेवायची आणि पुढच्या मंगळवारी टाचणी शोधून तिथून सुरू करायची. पाठ दुखायची. गुडघ्यांचं तर विचारू नका. पण संध्याकाळी कोट चढवून घरी निघाली की तिला आतून शांत वाटायचं. तेवढं सुख तिला रोल्फ गेल्यापासून मिळालं नव्हतं.

गुरुवारी क्लबाची बैठक भरायची. पहिल्याच गुरुवारी गोटहार्ड तिच्या शेजारी येऊन उभा राहिला आणि घसा साफ करून म्हणाला, "सुंदर झालंय, ट्राउडल."

तिला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

पुढच्या गुरुवारी पुन्हा. "फारच सुंदर." त्याच्या पुढच्या गुरुवारी बाकीचेही. कोणी म्हणे अगदी खरं वाटतं, कोणी म्हणे गवताचा वास येतो. झीगमार मात्र काही बोलत नसे. तो तिला कॉफी आणून द्यायचा आणि कप हातात नीट येईपर्यंत सोडायचा नाही.

मला विचाराल तर तिने तिथेच ओळखायला हवं होतं. पण कौतुकाला भुकेलं माणूस वाढलेलं ताट उचलून वास घेत बसत नाही. शेवटाशेवटाला तिच्या मनात काहीतरी खुपायला लागलं खरं. गोटहार्डसारखा माणूस तीन महिन्यांत बारा वेळा सुंदर म्हणतो, म्हणजे एकतर तो मरणार आहे किंवा मी, असं ती हाइकेला फोनवर हसत म्हणाली. हाइके म्हणाली, "आई, चांगलं बोलतात तर बोलू दे ना."

नाताळाआधीच्या चार रविवारांपैकी पहिल्या रविवारी प्रदर्शन होतं. दहाला दार उघडणार होतं. खिडक्यांत मेणबत्त्यांच्या कमानी लागल्या होत्या, कोपऱ्यात सॉसेजचं पाणी उकळत होतं, आणि पुरुषमंडळी टेबलं मांडण्यावरून एकमेकांना शहाणपण शिकवत होती. ट्राउडल मांडणीच्या मागच्या बाजूने पुलापाशी गेली. "हात लावू नये" अशी पाटी तिथे होती. तिने आयुष्यात पहिल्यांदा झालेल्या कामाला हात लावला.

बोटांखाली केस आले. ताठ, उभे, सगळे एका उंचीचे, नव्या दाढीच्या ब्रशसारखे. भुसा नव्हता, पत्ती नव्हती, मातीचा खरखरीतपणा नव्हता. तिला वाटलं, आपण जागा चुकलो. तिने पुलाचे खांब मोजले. पाच. पाचव्यानंतर उतार, उतारानंतर खडक, खडकाच्या डावीकडे मोकळी सोडलेली छोटी घळ. टेकडी तीच होती. पायथ्यापासून माथ्यापर्यंत ती पुन्हा पुन्हा हात फिरवत राहिली. तिच्या हातचं चिमूटभरही तिथे नव्हतं.

मागे पावलं वाजली. कॉफीचा वास आला, म्हणजे झीगमार.

"हे कोणी केलं?" तिने विचारलं.

"तूच की."

"डोळे गेलेत माझे, झीगमार. बोटं नाही गेली."

त्याने कप कुठेतरी ठेवल्याचा आवाज आला. "मी केलं," तो म्हणाला. "मशीनने. नायलॉनचं गवत असतं, त्याला विजेचा झटका दिला की उभं राहतं."

"माझं कुठंय?"

"खरवडलं."

"का?"

"तपकिरी होतं गं," तो हळू आवाजात म्हणाला. "गंजल्यासारखं. मध्ये जांभळे पट्टे. जूनमध्ये, ट्राउडल! पहिल्या बुधवारी आम्ही सगळे नुसते बघत उभे राहिलो. गोटहार्ड म्हणाला, तिला एक शब्द बोलायचा नाही. तिचं आता एवढंच राहिलंय. जे काय ते आपण निस्तरू."

"म्हणजे दर बुधवारी?"

"दर बुधवारी. टाचणी मी जागच्या जागी परत लावायचो."

ट्राउडलने मांडणीची कड धरली. "तपकिरी कसं होईल? पाचवीतलं घेतलं मी. खिडकीकडून पाचवी. तिसरी, चौथी, पाचवी. मी काय वेडी आहे?"

झीगमारने फळीकडे वळून पाहिलं. मग म्हणाला, "बरण्या गोटहार्डने लावल्या होत्या ना, ऑगस्टमध्ये. रंगवार. आधी तपकिरी, मग जांभळे, मग हिरवे. लेबलंपण लावली. एवढाली अक्षरं काढली त्याने, तुला वाचता यावीत म्हणून. तुला..." तो थांबला. "तुला दिसली नाहीत लेबलं?"

"मला तू दिसत नाहीस."

कोपऱ्यात कोणीतरी सॉसेजच्या चिमट्यावरून भांडत होतं.

"एकदा म्हणायचं होतं," ट्राउडल म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "ट्राउडल, हे तपकिरी दिसतंय. एवढंच. मी म्हटलं असतं, बरण्या बघा. एका मिनिटाचं काम होतं."

"आणि तू एकदा म्हणायचं होतंस, मला काहीच दिसत नाही म्हणून."

दोघांचंही खरं होतं, आणि खऱ्याचा आता कुणालाच उपयोग नव्हता. तरीही माणसाचं मन किती चिवट असतं बघा. ट्राउडलने त्याचा दंड पकडला. "चल फळीपाशी. बरण्या परत होत्या तशा लाव. प्रदर्शन संपलं की मी पुन्हा करते. मार्चपर्यंत होईल. सकाळीपण येईन, रोज येईन."

ते फळीपाशी गेले. झीगमारने दहाही हिरव्या बरण्या टेबलावर उतरवल्या. गोटहार्डने त्यांना हिरवा एक ते हिरवा दहा असे नंबर दिले होते, हाताला आल्या त्या क्रमाने.

"उन्हातली बघ," ती म्हणाली. "किंचित पिवळसर आहे. पिवळी नाही. पिवळसर."

झाकणं उघडल्याचे आवाज येत राहिले.

"हा हिरवा आहे," झीगमार म्हणाला. "हापण हिरवाच. हा जरा... नाही, हा पहिल्यासारखाच."

"दारात उजेडाला ने."

तो दोन बरण्या घेऊन दारात गेला आणि परत आला. बर्फाळ हवेचा झोत आत आला. "मला नाही गं कळत," तो म्हणाला, आणि तो रडायच्या बेतात होता हे तिला आवाजावरून कळलं. "मी वायरमन माणूस. मला हिरवा म्हणजे हिरवा. बाकीच्यांना बोलावू?"

ती नको म्हणाली. नऊ म्हाताऱ्यांनी दहा बरण्यांभोवती उभं राहून हिरव्यावर वाद घालावा, आणि शेवटी हात वर करून ठराव करावा, हे तिच्या डोळ्यांसमोर आलं. ते दहा हिरवे फक्त तिला माहीत होते आणि तिला ते दिसत नव्हते. एवढी साधी गोष्ट होती. तिने एका बरणीत हात घातला, भुसा चिमटीत चोळला. सगळा भुसा एकाच चाळणीतला. हाताला सगळे हिरवे सारखेच लागत होते.

"खरवडलेलं कुठे टाकलंत?"

"कचऱ्यात. आठवड्याच्या आठवड्याला जात होतं."

"बरं," ती म्हणाली. "गोटहार्डला बरण्यांचं सांगू नकोस. ती लेबलं लिहिताना तो दोन दिवस बसला असेल. म्हाताऱ्याला झोप लागायची नाही."

"पण ट्राउडल..."

"तुम्ही मला नाही ना सांगितलंत? मग."

दहा वाजता दार उघडलं. सगळं हामरबाख लोटलं होतं, आणि शेजारच्या गावांतलेही. छोटी गाडी शिट्टी देत पुलावरून गेली की माणसं कौतुकाने चित्कारायची, आणि पहिलं बोट जायचं ते टेकडीकडेच. एक बाई म्हणाली, वाऱ्याने गवत हलल्यासारखं वाटतं. झीगमारचं काम चांगलंच होतं. त्यात खोटं काही नव्हतं.

अकराच्या सुमारास गोटहार्ड स्टुलावर चढला आणि त्याने गाडीचा भोंगा वाजवून सगळ्यांना गप्प केलं. जिल्ह्याच्या पेपरची एक मुलगी कॅमेरा घेऊन आली होती. "ही टेकडी," गोटहार्ड म्हणाला, "आमच्या ट्राउडलच्या हातची आहे. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी. अंधुक नजरेने. एकटीने."

टाळ्या पडल्या. ट्राउडल उभी राहिली.

"मी नाही केली," ती स्पष्ट म्हणाली. "झीगमारने केली. माझा एक कणसुद्धा तिथे नाही."

मग गोटहार्ड मोठ्याने हसला. "ऐका! अशी असतात आमची डोंगरातली माणसं. सोन्याचं काम करतील आणि म्हणतील, शेजाऱ्याने केलं." सगळे हसले. टाळ्या आणखी वाढल्या. झीगमार काहीतरी बोलायला तोंड उघडत होता, पण कुणीतरी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि ते राहून गेलं.

"आजी, टेकडीशेजारी उभ्या राहा ना," पेपरवाली मुलगी म्हणाली. "हं. आता इकडे बघा."

इकडे म्हणजे कुठे, ते ट्राउडलला कळेना. झीगमारने मागून तिचे खांदे धरून तिला वळवलं.

त्यानंतरच्या मंगळवारी ती गेली नाही. गुरुवारीही नाही. बर्फ फार पडलंय, असं तिने कळवलं, आणि ते खरंही होतं. नाताळात हाइके येऊन दोन दिवस राहिली, केक कापला, आईच्या गोळ्या डब्यांत भरल्या आणि गेली. जानेवारीच्या मध्यात खिडकीतला उजेड कुठल्या बाजूला आहे तेवढंच ट्राउडलला कळायला लागलं. डॉक्टरने वसंताचा वायदा केला होता, तो दोन महिने आधीच पुरा झाला.

जानेवारीच्याच शेवटी गोटहार्ड आला. बूट झटकले, "ग्ल्युक आउफ" असा डोंगरातला रामराम केला, आणि तिच्या मांडीवर एक चौकट ठेवली. काच थंडगार होती.

"पेपरातलं कात्रण आहे," तो म्हणाला. "चौकट मी केली. ओकची."

"काय लिहिलंय?"

त्याने वाचून दाखवलं. मोठा फोटो आहे, खाली लिहिलंय: 'पुलावरची टेकडी, एडेलट्राउड ऊलिग यांच्या हातची.' "पूर्ण नाव नीट छापलंय," तो म्हणाला. "मी आधीच फोन करून सांगितलं होतं. ऊलिगमध्ये ते लोक हटकून चूक करतात."

"नीट छापलंय म्हणजे झालं," ट्राउडल म्हणाली.

तो खिळा आणि हातोडी खिशातून घेऊनच आला होता. सोफ्यावरच्या भिंतीवर त्याने मोजमाप केलं, पुटपुटला, चार वेळा ठोकलं. मग चौकट अडकवली, दोन पावलं मागे सरकला, पुन्हा पुढे जाऊन डावा कोपरा बोटाने किंचित वर केला.

"बघ गं," तो म्हणाला. "सरळ आहे ना?"

ठोकल्याचा आवाज जिथून आला होता तिकडे ट्राउडलने तोंड वळवलं.

"सरळ आहे," ती म्हणाली.